शेवटचा फवारा कधी?

क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 टक्के हे अळीवरचं औषध आमच्याकडे भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. ते टोमॅटोवर मारलं, तर 3 दिवस थांबून तोडा करता येतो. भेंडीवर 5 दिवस थांबायचं, कारल्यावर 7 दिवस. तेच औषध वांग्यावर मारलं, तर 22 दिवस थांबावं लागतं. मावा-तुडतुड्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के घ्या. भेंडी आणि टोमॅटोसाठी 3 दिवस, मिरचीसाठी 40 दिवस. हे आकडे केंद्रीय कीटकनाशक मंडळानं मंजूर केलेले असतात आणि बाटलीसोबतच्या घडीपत्रकात छापलेले असतात. अक्षर इतकं बारीक असतं, की पन्नाशीतल्या शेतकऱ्यानं ते दिव्याखाली धरलं तरी वाचता येऊ नये.

या आकड्यांना प्रतीक्षा कालावधी म्हणतात. शेवटचा फवारा आणि तोडणी यांच्यात किमान किती दिवस गेले पाहिजेत, ते हा आकडा सांगतो. आपल्या ताटातल्या भाजीत औषधाचा किती अंश उरणार, हे मुख्यतः याच दिवसांत ठरतं. कोणतं औषध, किती तीव्रतेचं, किती वेळा मारलं, याला महत्त्व आहेच. पण शेवटच्या फवाऱ्यानंतर शेतकरी थांबला का, हा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. आणि आमच्या वाशीम जिल्ह्यात तो प्रश्न कुणीच कुणाला विचारत नाही.

माझं रिसोडला कृषी सेवा केंद्र आहे. मी कृषी पदवीधर. सासऱ्यांनी सुरू केलेलं दुकान आता मी चालवते. घरची शेती दीर पाहतात. सोयाबीन-तुरीच्या जोडीला उघड्या वावरात वांगी आणि भेंडी असते, शेडनेटमध्ये काकडी आणि ढोबळी मिरची. त्यामुळे या गोष्टीच्या तिन्ही बाजू मला रोज दिसतात. औषध विकणारीही मीच, ज्या शेतात ते मारलं जातं ते वावरही आमचंच, आणि संध्याकाळी भाजी चिरायला बसणारीही मीच.

काउंटरवर काय घडतं

भाजीचा शेतकरी दुकानात येतो तो बहुधा घाईत. मोबाइलवर पानाचा नाहीतर किडक्या वांग्याचा फोटो असतो. "वहिनी, वांग्याले अळी लय लागली. जोरदार काहीतरी द्या." मी विचारते, "तोडा कधी आहे?" उत्तर येतं, "परवा हाय ना."

वांग्याची खरी अडचण इथेच आहे. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी फळाच्या आत शिरून बसते. एकदा आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. दुसरीकडे, वांगं फळावर आलं की चार-पाच दिवसांआड तोडा करावाच लागतो. नाहीतर फळ जून होतं आणि हर्रासात, म्हणजे लिलावात, भाव पडतो. चार-पाच दिवसांनी तोडणी असलेल्या पिकावर 22 दिवसांचं औषध मारलं, तर नियम पाळायला मधले चार तोडे फेकून द्यावे लागतील. असे तोडे कुणी फेकत नाही. ते बाजारात जातात.

म्हणून हे औषध फळधारणेआधी, झाड वाढीला असताना वापरायचं. तोडे सुरू झाले की कमी प्रतीक्षेच्या औषधाकडे वळायचं. उदाहरणार्थ इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के; त्याला वांग्यावर 3 दिवसच थांबावं लागतं. त्यासोबत कामगंध सापळे लावायचे, आणि मान टाकलेले शेंडे अळीसकट खुडून वावराबाहेर नष्ट करायचे. हे सगळं सांगायला काउंटरवर पाच मिनिटं लागतात. बाटली काढून द्यायला अर्धं मिनिट पुरतं. हंगामात दुकानात रांग असते, आणि बहुतेक दुकानांत अर्ध्या मिनिटाचा मार्गच निवडला जातो.

वांग्यावरच्या या अळीसाठी जालन्याच्या महिको कंपनीनं जनुक बदललेलं बीटी वांगं तयार केलं होतं. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्याला स्थगिती दिली, आणि ती आजही कायम आहे. शेजारच्या बांगलादेशानं 2013 मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली. त्या वादात इथे शिरत नाही. पण त्या वादाचं मूळ एवढंच होतं, की वांगं हे प्रचंड फवारणीचं पीक आहे. ते वास्तव स्थगितीनं बदललं नाही.

दुसरी अडचण मंजुरीची. कायद्यानं प्रत्येक औषध ठरावीक पिकासाठीच मंजूर असतं. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी, कोबी यांच्यासाठी बरीच औषधं आहेत. पण मेथी, पालक, सांभार (म्हणजे कोथिंबीर) या आमच्या रोजच्या पालेभाज्यांसाठी लेबलवर फारच थोडी नावं सापडतात. मेथीवर मावा आला की शेतकरी घरात कपाशीचं, सोयाबीनचं जे काही उरलं असेल ते मारतो. त्याला दोष देण्याआधी आपण त्याला दुसरा कोणता मार्ग दिला, हेही पाहायला हवं. पालेभाजीत तर पानच खाल्लं जातं, आणि औषधही पानावरच बसतं. मेथी लहान असतानाच उपटतात. पेरणीपासून काढणीपर्यंत जेमतेम महिना. थांबायला दिवसच उरत नाहीत. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी 2005 पासून बंदी होती. ते कपाशीसाठी मात्र चालत असे, आणि कपाशीच्या नावावर घेतलेली बाटली भाजीच्या वाफ्यात जाई. अखेर 2023 मध्ये केंद्र सरकारनं त्याची 36 टक्के द्रावणाची नेहमीची बाटलीच टप्प्याटप्प्यानं बंद करायचा आदेश काढला. याच आदेशानं कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळांवर आणि भाज्यांवर डायमेथोएट मारायलाही मनाई झाली.

अंश उरतो म्हणजे नेमकं काय होतं

फवारा पानावर, फळावर बसतो तेव्हापासूनच औषध कमी व्हायला लागतं. ऊन त्याचे रेणू तोडतं. पाऊस काही भाग धुऊन नेतो, वारा आणि उष्णता काही भाग उडवतात. झाडाची स्वतःची विकरं त्याचे तुकडे करतात. शिवाय फळ वाढतं. बोटाएवढी काकडी चार दिवसांत विकायजोगी होते, तेव्हा तिचं वजन कितीतरी पटींनी वाढलेलं असतं, आणि तेवढंच औषध आता जास्त गरात विभागलं जातं.

हे कमी होणं साधारण निम्म्या-निम्म्यानं चालतं. समजा, फवाऱ्यानंतर एक किलो फळात 2 मिलिग्रॅम औषध आहे आणि ते दर 3 दिवसांनी अर्धं होतं. तिसऱ्या दिवशी 1 मिलिग्रॅम उरेल, सहाव्या दिवशी अर्धा, नवव्या दिवशी पाव. कायद्याची मर्यादा पाव मिलिग्रॅमची असेल, तर नवव्या दिवशी तोडलेलं फळ नियमात बसतं आणि दुसऱ्याच दिवशी तोडलेलं फळ त्याच्या कितीतरी पट वर असतं. दोन्ही फळं डोळ्यांना सारखीच दिसतात. वास सारखा, रंग सारखा, चव सारखी. म्हणून "आम्ही पाहून घेतो" या भरवशाला इथे अर्थ नाही.

औषधांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. स्पर्शजन्य औषध पृष्ठभागावर राहतं. ते धुण्यानं बरंचसं निघू शकतं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात शिरतं आणि पाना-फळापर्यंत फिरतं. ते नळाखाली धरून निघत नाही. त्याला वेळ देणं हाच उपाय.

मर्यादा ठरवते ती भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ही केंद्रीय संस्था. प्रत्येक औषध आणि प्रत्येक पीक यांच्या जोडीसाठी कमाल अवशेष मर्यादा ठरलेली असते. ज्या जोडीसाठी काहीच ठरलेलं नाही, तिथे सर्वसाधारणपणे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. 0.01 मिलिग्रॅम म्हणजे 100 टन भाजीत 1 ग्रॅम. दहा टनांचे दहा ट्रक भरून भाजी, आणि त्या सगळ्यात मिळून चिमूटभर औषध. प्रयोगशाळेतली यंत्रं एवढं सूक्ष्म प्रमाणही शोधून काढतात. भाजीचा नमुना बारीक करून त्यातले थोडे ग्रॅम घ्यायचे, द्रावक आणि क्षार घालून हलवायचे, औषधाचा अंश वर आलेल्या थरात ओढून घ्यायचा आणि तो यंत्रात सोडायचा. एका फेरीत शेकडो औषधांचा शोध घेता येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण भीतीपोटी लोक भाजीच सोडतात. मर्यादा ओलांडलेली भाजी एकदा खाल्ली म्हणजे विषबाधा होते, असं नाही. नियमानुसार फवारणी केली तर जास्तीत जास्त किती अंश उरेल, हे पाहून आणि तेवढा अंश आयुष्यभर पोटात गेला तरी धोका नाही ना, हे तपासून ही मर्यादा ठरवतात. ती ओलांडली गेली, म्हणजे शेतात नियम मोडला गेला. एका जेवणानं बिघडत नाही. वर्षानुवर्षांच्या जेवणाचा प्रश्न आहे. लहान मुलं वजनाच्या मानानं जास्त खातात, त्यांच्यासाठी तो अधिक गंभीर आहे. केंद्र सरकारची अवशेष तपासणीची राष्ट्रीय योजना 2005-06 पासून चालू आहे, आणि तिच्यात बहुसंख्य नमुने मर्यादेच्या आतच आढळत आले आहेत. भाजी खाणं बंद करायचं काहीही कारण नाही. उरलेल्या नमुन्यांतल्या चुका मात्र टाळता येण्याजोग्या आहेत. त्यांत पुष्कळदा त्या पिकाला मंजूरच नसलेलं औषध सापडतं.

प्लास्टिकखाली आणि आभाळाखाली

आता शेडनेट आणि पॉलीहाऊसकडे येऊ. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, 2018 पासून राज्यातल्या 15 जिल्ह्यांत राबवला गेला. त्यात वाशीम आहे. त्याच्या अनुदानातून आमच्याकडे कोरडवाहू सोयाबीनच्या पट्ट्यातही हिरव्या जाळीचे चौकोन उभे राहिले. लोकांचा समज असा, की आतली भाजी स्वच्छ, बाहेरची औषधानं भरलेली. ग्राहकही तसंच मानतात, कारण आतली काकडी सरळ, तकतकीत आणि बिनडागी असते.

औषधाचा अंश कमी करणाऱ्या शक्ती वर सांगितल्या, त्या एकेक करून आत नेऊन पाहा. पॉलीहाऊसवरचा प्लास्टिक कागद अतिनील किरणांचा काही भाग अडवतो, म्हणजे उन्हाचं काम मंदावतं. पाऊस आत येतच नाही. वारा कमी. म्हणून बऱ्याच औषधांचा अंश उघड्या वावरापेक्षा आत जास्त दिवस टिकतो. आतली उष्णता आणि वेगानं होणारी वाढ थोडी भरपाई करतात, पण त्यावर विसंबता येत नाही. शेडनेटची स्थिती मधली: ऊन गाळून येतं, पाऊस बारीक होऊन पडतो. लेबलवर मात्र आकडा एकच असतो. पॉलीहाऊससाठी वेगळे दिवस छापलेले नसतात. म्हणून आत पीक घेणाऱ्याला मी सांगते, लेबलवरचा आकडा हा किमान समजा आणि त्यावर आणखी दिवस द्या.

त्यात आतल्या किडींचीही भर पडते. कोरड्या उबेत फुलकिडे, पांढरी माशी आणि लाल कोळी झपाट्यानं वाढतात. त्यांना खाणारे मित्रकीटक बाहेरच राहिलेले असतात. बाजूची जाळी एका जागी फाटली, दार एक दुपार उघडं राहिलं, की पांढरी माशी आत. मग आठवड्याला एक फवारा, पुढे दोन. पैसे गुंतलेले असतात, कर्जाचा हप्ता असतो. शेतकरी धोका पत्करत नाही.

पण हेच बंदिस्तपण नीट वापरलं, तर फवारे उघड्या वावरापेक्षा कितीतरी कमी करता येतात. बाजूंना 40 मेशची कीटकरोधक जाळी लावायची. दोन दारं ठेवायची, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद असेल. रोपं आत नेण्याआधी तपासायची. पिवळे आणि निळे चिकट सापळे टांगायचे आणि दर सकाळी त्यांच्यावरचे कीटक मोजायचे. आमच्या शेडनेटमध्ये दीर हा हिशोब दारामागच्या पाटीवर खडूनं लिहितात. आकडा चढला तरच औषध, नाहीतर नाही. पूर्वी ठरलेल्या वारी फवारा होत असे. आता पाटी सांगेल तेव्हाच होतो. औषधाचा खर्च घटला, आणि काकडीला चार-पाच तोडे बिनफवाऱ्याचे मिळायला लागले.

स्पेनच्या अल्मेरिया भागात सुमारे 30 हजार हेक्टरवर प्लास्टिकखाली भाज्या पिकतात आणि त्या साऱ्या युरोपात जातात. 2006 च्या अखेरीस तिथल्या ढोबळी मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल हे परवानगी नसलेलं कीटकनाशक सापडलं. जर्मनीतल्या दुकानदारांनी माल नाकारला. पुढच्या एक-दोन हंगामांतच तिथल्या मिरची उत्पादकांनी किडींना खाणारे कोळी आणि ढेकूण आत सोडायला सुरुवात केली, आणि मिरचीचं जवळपास सगळं क्षेत्र जैविक नियंत्रणाखाली आलं. त्यांचं तंत्र नवं नव्हतं. माल परत येतो, हे कळल्यावर ते वापरात आलं.

द्राक्षाला जमलं, ते वांग्याला का नाही?

हेच आपल्या महाराष्ट्रात द्राक्षाच्या बाबतीत घडलं. 2003 मध्ये आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडून युरोपात माल अडकला. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचा अंश सापडला, आणि निर्यातदार व बागायतदार दोघांचंही जबर नुकसान झालं. बागायतदार या औषधाला सीसीसी म्हणतात. या दणक्यांनी ग्रेपनेट ही व्यवस्था उभी राहिली आणि पक्की झाली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते. कोणतं औषध चालतं आणि किती दिवस थांबायचं, याची यादी दर हंगामात निघते. नाशिकचे बागायतदार तिला "ॲनेक्श्चर फाइव्ह" म्हणतात आणि ती त्यांना तोंडपाठ असते. फवारणीची वही ठेवावी लागते. काढणीआधी बागेतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासतात, आणि तो पास झाला तरच माल जातो. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या सगळ्यावर लक्ष ठेवतं.

नाशिकचा शेतकरी आमच्यापेक्षा वेगळा माणूस नाही. तोही कर्ज काढतो, त्यालाही भुरी आणि फुलकिडे छळतात. त्याच्या मालाला शेवटच्या फवाऱ्याची तारीख विचारणारा कुणीतरी आहे, एवढाच फरक. रिसोडच्या गुजरीत वांग्याचं कॅरेट येतं तेव्हा आकार पाहतात, चकाकी पाहतात, छिद्र आहे का ते पाहतात. छिद्र दिसलं की भाव पडला. म्हणजे बाजार शेतकऱ्याला फक्त एकच गोष्ट शिकवतो: अळी दिसता कामा नये, मग काहीही मारा. आपण ग्राहकही तेच शिकवतो. ढिगातलं वांगं उचलून, फिरवून, टिकलीएवढं भोक दिसलं तर परत टाकतो.

अंशाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळाही आमच्यापासून लांब आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठात अशा अभ्यासाचं केंद्र आहे, पुण्याकडे प्रयोगशाळा आहेत. वाशीमहून पुणे चारशे किलोमीटरांहून दूर. दहा कॅरेट वांगी विकणारा शेतकरी नमुना तिकडे पाठवणार नाही, आणि तपासणीचं शुल्कही त्याला झेपणारं नाही.

ज्यांचे हात आधी लागतात

ताटातल्या अंशाची चर्चा करताना वावरातली माणसं विसरली जातात. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. आमचे मानोरा आणि कारंजा हे तालुके यवतमाळला लागूनच आहेत. ती बातमी आमच्यासाठी दूरची नव्हती.

भाजीत हा धोका हळू आणि न दिसणारा असतो. फवारा बहुधा पुरुष मारतो, तोडा बाया करतात. संध्याकाळी फवारलेल्या भेंडीत पहाटे दहिवर असतानाच बाया शिरतात, कारण माल हर्रासाला वेळेत पोचायचा असतो. ओल्या पानांवरचं औषध ओल्या हातांना लागतं, बाह्यांना लागतं, आणि त्याच हातांनी मग भाकरी सोडली जाते. प्रतीक्षा कालावधी पाळला, तर खाणाऱ्याआधी या बायांचं रक्षण होतं. मला हा मुद्दा सगळ्यांत जवळचा वाटतो. फवारल्यानंतर वावराच्या कडेला लाल चिंधी बांधायची आणि ती उतरेपर्यंत कुणी आत जायचं नाही, एवढा नियम आम्ही घरी केला आहे.

स्वयंपाकघरात काय करता येतं

धुण्यानं सगळं जात नाही, पण पुष्कळ जातं. भाजी लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चार चमचे, घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मग वाहत्या पाण्यात चोळून धुवा. खाण्याचा सोडाही चालतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला. सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर सालीवरचे दोन औषधांचे अंश निघून गेले, मात्र सालीच्या आत शिरलेला भाग राहिला. कपड्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण भाजीला लावू नका. तेही पोटात जातं.

कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका. काकडी, दुधी, दोडका सोलून घ्या. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा आणि दर वेळी पाणी बदला. वांग्याचं आणि भेंडीचं देठ काढायच्या आधी धुवा. चिरल्यावर धुतलं तर फारसा उपयोग नाही आणि सत्त्वही जातं. शिजवण्यानं काही औषधं आणखी कमी होतात. कोशिंबिरीसाठी जी भाजी कच्ची खायची, ती मात्र ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या.

आणि त्याला विचारा. "भाऊ, शेवटचा फवारा कधी मारला?" पहिल्यांदा तो चमकेल. चार गिऱ्हाइकांनी विचारलं, की पाचव्यासाठी त्याच्याकडे उत्तर तयार असेल.

आम्हाला काय हवं

निंबोळी अर्क ही आमच्या भागातली जुनी आणि भरवशाची गोष्ट आहे. 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, 200 ग्रॅम धुण्याचा चुरा मिसळून एकूण द्रावण 100 लिटर करायचं. हा झाला 5 टक्के अर्क. कीड थोडी असतानाच मारला तर मावा, तुडतुडे, पांढरी माशी आटोक्यात राहतात, आणि तोड्यांच्या मधल्या काळात रासायनिक फवारा टाळता येतो. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि आमच्या तालुक्यातलं करड्याचं कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे असं ज्ञान भरपूर आहे. उणीव आहे ती बाजाराच्या जागी प्रश्न विचारणाऱ्या व्यवस्थेची.

ती उभी करायला फार मोठा खर्च लागत नाही. बाजार समितीच्या पट्टीवर मालाचं नाव, वजन आणि भाव यांच्यासोबत "शेवटच्या फवाऱ्याची तारीख" असा एक रकाना हवा. महिन्यातून एकदा काही कॅरेटमधले नमुने उचलून अकोल्याला तपासता येतील, एवढी सोय विद्यापीठात व्हावी आणि निकाल आवारातल्या फळ्यावर लागावा. पहिल्या वर्षी दंड नको. ज्याचा नमुना नापास होईल, त्याच्या वावरात कृषी सहायकानं जावं आणि काय चुकलं ते सांगावं. शेडनेट-पॉलीहाऊसच्या अनुदानासोबत फवारणीची वही सक्तीची करावी. मेथी, पालक, सांभारासाठी सुरक्षित औषधांच्या मंजुरीचं काम केंद्रानं हाती घ्यावं, कारण त्याशिवाय पालेभाजी पिकवणारा कायदा पाळूच शकत नाही.

दुकानदारांनीही आपला वाटा उचलावा. भाजीसाठी नेलेल्या प्रत्येक बाटलीच्या झाकणावर मी पक्क्या शाईच्या पेननं पिकाचं नाव आणि थांबायचे दिवस लिहून देते: "वांगं 22", "भेंडी 5", "मिरची 40". तोडा त्याआधी असेल, तर ती बाटली देत नाही, दुसरी देते. काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. बरीच परत आली, आणि आता स्वतःहून विचारतात, "वहिनी, याले किती दिवस थांबू?" जिल्ह्यातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात हा आकडा मोठ्या अक्षरात मिळाला पाहिजे, आणि तो बिलावर छापायची सक्ती कृषी विभागानं करायला हवी.

युरोपातल्या अनोळखी माणसासाठी आपण द्राक्षाच्या प्रत्येक बागेची वही ठेवतो. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या अंगणवाडीत खिचडीसोबत जी भाजी शिजते, तिच्यासाठी निदान एक तारीख लिहून ठेवणं आपल्याला अवघड नाही. ती तारीख मागण्याचा हक्क त्या मुलांना आहे, आणि त्यांच्या वतीनं ती मागणं हे बाजार समितीचं, कृषी विभागाचं, माझ्यासारख्या दुकानदाराचं आणि भाजी घेणाऱ्या प्रत्येक आईबापाचं काम आहे.